आप्पांची सीडी आणि तुझी भारी मशीन

दादा, तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं सगळे सांगतात. तुझ्या जलदान विधीला भन्तेजी बोलले, तेही साधारण असंच होतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. पण राग गेला नाही, आणि आता तो तुझ्यापर्यंत पोचवायचा कसा हे कळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तू समोर असतास तर मध्येच हात वर करून म्हणाला असतास, "छाये, आधी माझं ऐकून घे." आयुष्यभर तेच केलंस. या वेळी तू ऐक.

त्या दिवशी तुझ्याबद्दल लोक चांगलं बोलले. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांवर तुझ्याबरोबर काम केलेले दोघे आले होते. दिलीपभाऊंसारखा टेक्निशियन पुन्हा मिळणार नाही, म्हणाले. वायर हातात घेतली की कुठे तुटली आहे ते तुला कळायचं, असंही सांगितलं. खोटं त्यात काही नव्हतं. पण ते बोलत होते आणि माझं लक्ष हॉलमधल्या त्या काळ्या मशीनवर होतं. वहिनीने तिच्यावर पांढरा टॉवेल टाकला होता. मला तो टॉवेल ओढून काढावासा वाटत होता.

ती मशीन आली तेव्हा तू मला मंचरच्या दुकानातून मुद्दाम खोडदला बोलावून घेतलंस. मी दुकान बंद करून आले. नुसता सीडी प्लेअर, पण दोन्ही हातांनी उचलावा लागेल इतका जड. किंमत तू सांगितली नाहीस. वहिनी मात्र वर्षभर स्कूटर घेऊ म्हणत होती, ती त्या दिवसापासून स्कूटरचं नाव घ्यायची बंद झाली, त्यावरून मी काय ते समजले. तू ट्रे उघडून दाखवलास. तो आवाज न करता बाहेर आला आणि तसाच आत गेला. तू म्हणालास, "बघ. तुझ्या दुकानातलं डबडं ट्रे काढताना कसं खडखडतं, माहितीये ना?"

माहिती होतं. व्हिडिओ मिक्सिंगच्या धंद्यात मी लग्नाच्या इतक्या सीड्या राइट केल्या आहेत की मोजदाद ठेवली नाही. गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी प्रत्येक सीडी मी त्याच साध्या डीव्हीडी प्लेअरवर लावून बघायचे. म्हणून मी सरळ बोलले. सीडीवर नुसते आकडे असतात. मशीनने ते बरोबर वाचले की तिचं निम्म्याहून जास्त काम संपलं. पुढचा फरक इतका बारीक की कानाला कळत नाही. पैसा घालायचाच तर स्पीकरमध्ये घाल, हॉलमध्ये जाड पडदे लाव.

तू हसलास. तुझं ते हसणं मला कधीच आवडलं नाही. "आम्ही आकाशातला सिग्नल पकडतो, छाये. गावात कोणी मोटारसायकल चालू केली तरी आम्हाला त्रास होतो. नॉइज म्हणजे काय ते तू मला शिकवू नको." मग तू पॉवर सप्लाय, आतला ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर यांवर तासभर बोललास. वहिनी दोनदा चहा गरम करून घेऊन आली. तुझं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. मशीन बनवलेली चांगली होती. पण तू ज्याबद्दल बोलत होतास ते मला ऐकू येत नव्हतं, आणि मला ऐकू येत नाही हे तू माझ्या कानाचा दोष धरलास. शिकलेल्या मोठ्या भावाने दुकानदार बहिणीला सांगावं तसं सांगितलंस.

म्हणून मी ती परीक्षा घेतली. पुढच्या महिन्यात माझं डबडं पिशवीत घालून खोडदला आले. तुझ्या आवडीच्या बासरीच्या सीडीची माझ्याकडे कॉपी केलेली होती, ती डबड्यात घातली आणि मूळ सीडी तुझ्या मशीनमध्ये. ॲम्प्लिफायर तोच, स्पीकर तेच, आवाजही सारखा करून घेतला. मध्ये चादर धरली. वहिनीने एक बाजू धरली होती. पाच वेळा लावलं आणि प्रत्येक वेळी तू डोळे मिटून सांगितलंस, ही माझी, ही तुझी. पाचपैकी तीनदा तू माझ्या डबड्याला तुझी मशीन म्हणालास. एकदा तर म्हणालास, "हे बघ, इथं हवा ऐकू येते बासरीत." ते डबडं होतं.

चादर खाली केली तेव्हा तू उठून बाहेर गेलास आणि मी निघेपर्यंत आत आला नाहीस. आणि मी काय केलं? ती गोष्ट सांगत सुटले. मामाच्या मुलीच्या लग्नात सांगितली, मामाच्या नातवाच्या नामकरणात सांगितली. तू पंगतीत बसलेला असताना तुझी नक्कल करून सांगितली. डोळे मिटून, मान हलवून, "हवा ऐकू येते बासरीत." लोक पोट धरून हसायचे. तू पत्रावळीकडे बघत जेवायचास. मला तेव्हा मजा वाटत होती. ते आज लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

इथपर्यंत आपलं भांडण बहीणभावाचं होतं. ते तसंच राहिलं असतं तर आज मी रडत बसले असते आणि कोणी विचारलं तर तुझ्या मशीनची गोष्ट हसत सांगितली असती. पण मध्ये आप्पांची सीडी आली.

आप्पांनी आपल्या दोघांना वाढवलं ते डिंभ्याच्या कालव्यावर पाटकरी म्हणून शेतांना पाणी सोडून, पण लोक त्यांना ओळखायचे ते गाण्यामुळे. जयंतीला आप्पांची भीमगीतं झाल्याशिवाय आजूबाजूच्या चार गावांत कार्यक्रम उठायचा नाही. त्यांचं शेवटचं गाणं डिंभ्याच्या विहारासमोर झालं. मी मिक्सरमधून वायर घेऊन थेट लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. आठ गाणी. नंतर दोन सीड्या राइट केल्या. एक आप्पांनी हौसेने कोणाला तरी ऐकायला दिली, ती परत आलीच नाही. दुसरी त्यांनी तुला दिली, कारण भारी मशीन तुझ्याकडे होती. पुढच्या वर्षी माझा लॅपटॉप बंद पडला आणि त्यातलं सगळं गेलं. त्यानंतर आठ महिन्यांत आप्पा गेले. त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला, तुझ्या कपाटात.

मी तुझ्याकडे ती कॉपी करायला मागितली. एकदा नाही, दादा, मला आठवतं तसं सहा-सात वेळा. तू म्हणायचास, कॉपी केली की त्यातला जीव जातो. मी सांगायचे, आकड्यांची कॉपी तशीच्या तशी होते, पाढे दुसऱ्या वहीत लिहिले तर चुकतात का? तू ती परीक्षा विसरला नव्हतास, म्हणून ऐकत नव्हतास. "ऐकायचं असेल तर इथं ये. इथं बसून ऐक." मी यायचे. तू हातरुमालाने सीडी कडेला धरून ट्रेमध्ये ठेवायचास आणि वहिनी धरून आपण तिघं ऐकत बसायचो. एक कबूल करते. तुझ्या हॉलमध्ये आप्पांनी ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास ऐकू यायचा. माझ्या दुकानात तो कधी ऐकला नव्हता. स्पीकरमुळे, असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. पण तो श्वास मी तुझ्याकडे ऐकला.

मग आई पडली. तुझं घर वरच्या मजल्यावर, जिना चढणं तिला शक्य नव्हतं, म्हणून ती अवसरीला माझ्या घरी आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खुब्याचं हाड जुळलंच नाही आणि ती अंथरुणाला खिळली. दिवसभर कौलांकडे बघत पडायची. फार काही मागायची नाही. एक दिवस मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा म्हणाली, "त्येंचं ते गानं लाव की गं. लई दिस झालं."

मी तुला त्याच दिवशी फोन केला. तू म्हणालास, आईला गाडीत घालून खोडदला आणू. डॉक्टरांनी कूस बदलतानाही जपायला सांगितलं होतं, ते तुला माहिती होतं. मग म्हणालास, मी मशीन आणि स्पीकर घेऊन अवसरीला येतो. पुढच्या रविवारी तू आलास, संत्री घेऊन. मशीन नव्हती. आईने तुझा हात धरला आणि तुझ्या तोंडावर विचारलं, "दिलीप, आनली का रं शीडी?" तू म्हणालास, "आणतो आई. पुढच्या रविवारी नक्की."

असे तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मी तुला अंगणात गाठलं. मशीन नको, स्पीकर नको, नुसती सीडी दे, माझ्या प्लेअरवर एकदा लावते आणि तुझ्या हातात परत देते, असं हात जोडून सांगितलं. तू माझ्याकडे न बघता बोललास, "तुझ्या डबड्यात घालून ती एकुलती एक सीडी पण ओरबाडून घ्यायची का?"

आई त्याच्या पुढच्या गुरुवारी गेली. सकाळी, मी तिला पेज भरवत असताना. तिला गाणं ऐकवता आलं नाही म्हणून आदल्या दिवशी मी स्वतः म्हणून दाखवलं होतं, मला येत होतं तसं, बेसूर. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "त्येंच्यासारखं न्हाई." मग माझ्या गालाला हात लावला.

तिच्या जलदान विधीला सगळ्या नातेवाइकांसमोर मी तुला बोलले. काय बोलले ते तुला पाठ असेल. आईपेक्षा तुला लोखंडाचा डबा मोठा झाला, आता त्यालाच आई म्हण, असं बोलले. तू चप्पल घालून निघून गेलास. त्यानंतर आठ महिने आपण बोललो नाही. नारायणगावच्या बाजारात एकदा समोरासमोर आलो, तेव्हा तू टोमॅटोच्या क्रेटमागून वळसा घातलास. मीही हाक मारली नाही. मला वाटलं होतं, जयंतीपर्यंत तू येशील, मी चार शब्द ऐकवीन आणि मग जेवायला वाढीन. तू जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या खुर्चीवरच गेलास, असा फोन आला.

तुझा विधी झाल्यावर पाहुणे पांगले, तेव्हा वहिनी मला आतल्या खोलीत घेऊन गेली. कपाटातून आप्पांची सीडी काढली आणि माझ्या हातात दिली. मी म्हणाले, आता देऊन काय उपयोग? ती पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "ताई, ती लागतच नव्हती. दोन वर्सं झाली."

मला आधी समजलंच नाही. तिने सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, आई पडायच्या थोडं आधी, एका संध्याकाळी तू सीडी लावलीस आणि मशीनने ती वाचली नाही. तू पुसून लावलीस, पुन्हा पुन्हा लावलीस. मशीन दोनदा पुण्याला नेलीस. मेकॅनिकने सांगितलं, मशीन ठणठणीत आहे, सीडी गेली आहे. त्यानंतर तू ती कपाटात ठेवलीस आणि कोणाला बोलला नाहीस. आई मागत होती तेव्हा तुझ्याकडे द्यायला काही नव्हतं. दुसऱ्या रविवारी तू सगळं खरं सांगायचं ठरवून सीडी खिशात घालून निघाला होतास. नारायणगावपर्यंत आलास आणि माघारी वळलास. त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा निघालास, नुसता भेटायला.

"मी म्हनले, ताईला सांगा," वहिनी म्हणाली. "तिचा धंदाच हाय तो. तर मला म्हनले, तिला अजाबात सांगू नको. ती हसंल."

मी सीडी पिशवीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात एकटी असताना बाहेर काढली. वरच्या बाजूला माझंच अक्षर होतं, आप्पांचं नाव आणि डिंभे. उलटी करून उजेडात धरली. कडेचा रंग उडाला होता, डाग पडले होते. आणि तेव्हा मला आठवलं, ही सीडी कुठली. गिऱ्हाइकांसाठी मी चांगल्या कंपनीच्या कोऱ्या सीड्या वापरायचे. ही गठ्ठ्यातली होती, बिननावाची, सगळ्यात स्वस्त. घरच्यांना काय करायची भारी, असा विचार करून आप्पांच्या गाण्याला मी ती वापरली होती. खराब झाली ती तुझ्या मशीनमुळे नाही आणि हाताळण्यामुळेही नाही. माझ्या काटकसरीमुळे झाली. तुला हे कळलं असतं तर तू आयुष्यभर प्रत्येक लग्नात सांगितलं असतंस, आणि मला ऐकून घ्यावं लागलं असतं.

मग मी ती माझ्या डबड्यात घातली. ट्रे खडखडत आत गेला. बराच वेळ नुसती घरघर झाली. मी उठणार होते, तेवढ्यात पेटीचा सूर आला आणि आप्पा गायला लागले.

तुला हे नीट सांगते, कारण तू टेक्निशियन होतास आणि तुला पटेल. तुझी मशीन कंपनीतून छापून येणाऱ्या सीडीसाठी बनवलेली. घरी राइट केलेली, रंग उडालेली सीडी तिला पेलली नाही. माझं डबडं कसलीही सीडी चालवायला बनवलेलं, कारण ते ज्यांच्या घरी जातं त्यांच्याकडे कसल्याही सीड्या असतात. मिक्सिंगवाल्या कोणालाही हे माहीत असतं. मला माहीत होतं. तू एक फोन केला असतास तर मी म्हणाले असते, घेऊन ये. हो, हसलेही असते. तुझ्याकडे बोट दाखवून हसले असते, खोटं कशाला बोलू. आणि मग लावली असती. पहिली चार गाणी नीट वाजतात, दादा. आईला चार गाणी पुरली असती. तिला एक पुरलं असतं.

माझ्या हसण्याला तू इतका घाबरलास की मरायला टेकलेल्या आईशी तीन रविवार खोटं बोललास. माझं हसणं तेवढं वाईट होतं का, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. असेल. पण मी हसले तर तुझा मान गेला असता. तू गप्प राहिलास तर आईचं गाणं गेलं. या दोन्हींतलं काय सोसायचं, हे तू ठरवलंस. मोठा होतास म्हणून ठरवलंस. ओरबाडून घ्यायची का, असं मला विचारलंस तेव्हा ती सीडी तुझ्या लेखी मेलेली होती, हे मी विसरू शकत नाही.

परवा एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. घरात जुन्या सीड्या पडल्या आहेत, भारी प्लेअर घेऊ का साधा, असं विचारत होते. मी नेहमीचं सांगितलं, साधा घ्या, पैसे उरले तर स्पीकर चांगले घ्या. मग मीच म्हणाले, आधी सगळ्या सीड्यांची कॉपी करून घ्या आणि घरात ज्यांना ऐकायचंय त्यांना आत्ताच ऐकवा. माझा आवाज चढला असावा. गुरुजी माझ्याकडे बघतच राहिले.

सीडीतली गाणी मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. अडखळणारे ट्रॅक कमी स्पीडवर पुन्हा पुन्हा वाचत सात गाणी मिळाली. आठवं पहिल्या कडव्यानंतर तुटतं, ते तिथेच सोडलं. मग साफसफाईला बसले. नातेवाइकांना पेनड्राइव्हवर द्यायचं म्हणून खोकला, माइकची खरखर, मधली बोलणी कापत गेले. हे काम माझा हात न सांगता करतो.

तिसऱ्या गाण्यानंतर आप्पा दमतात. त्यांचा श्वास चढलेला ऐकू येतो, माझ्या दुकानातल्या स्पीकरवरही येतो. ते हळू म्हणतात, "दिलीप, माइक जरा वर धर. माजा हात ऱ्हात न्हाई." मग तुझा आवाज येतो, तरुण, अगदी जवळून. "धरलाय आप्पा. तुमी गावा. मी हाय."

तेवढा तुकडा मी कापण्यासाठी तीनदा सिलेक्ट केला. आईला नवऱ्याच्या आवाजाबरोबर तुझाही आवाज ऐकू आला असता. तू तिच्या पलंगाशेजारी संत्री सोलत बसला असतास आणि तिने तुझ्याकडे बघितलं असतं. ते तू होऊ दिलं नाहीस, त्याची माफी माझ्याकडे नाही. मागायला तूही आता नाहीस.

तुकडा ठेवला. तसाच सेव्ह केला आणि पहिला पेनड्राइव्ह वहिनीला पाठवला.